धष्टपुष्ट करडू अचानक आडवं पडतं तेव्हा

आमच्या इंदूरजवळच्या सिमरोलच्या बाजूला कुणाही शेळीवाल्याला विचारा, सगळ्यात आधी कुठलं करडू जातं? सगळ्यात गुबगुबीत. संध्याकाळी आईच्या सडाला ढुशा देणारं, तिच्या पाठीवर चढणारं, आणि सकाळी मान मागे टाकून, पाय ताणून पडलेलं. “नजर लग गई दीदी,” असं म्हणून माणसं मोकळी होतात. मला या नजरेचा फार राग येतो, कारण ती बऱ्याच वेळा लस टोचून टळली असती.

या रोगाला आंत्रविषार म्हणतात. त्याचे जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडेफार असतातच आणि गप्प असतात. करडाने एकदम भरमसाट धान्य खाल्लं किंवा दूध ढोसलं की न पचलेला माल आतड्यात उतरतो, जंतूंची चंगळ होते, विष तयार होतं आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं. म्हणून तर भावंडाच्याही वाटणीचं दूध ओढणारं दांडगट करडू आधी जातं, रोडकं बिचारं वाचतं. माळव्यात याचे मोके ठरलेले आहेत: मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचं खळं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचं, आणि शिवाय लग्नसराई. इंदूरकडच्या लग्नात उरलेले बाफले, पुऱ्या, भात “बकऱ्यांना घाला” म्हणून कुणीतरी टोपलंभर आणून देतं. पुण्य त्यांच्या खात्यात, आणि आडव्या होतात आमच्या शेळ्या. मी टोपलं दारातूनच परत करते. राग येतो लोकांना, येऊ दे.

पण पडलेलं प्रत्येक करडू आंत्रविषाराचंच असतं असं नाही, आणि इथेच घाई नडते. घरातला प्रत्येक जण काहीतरी पाजायला धावतो: हळदीचं दूध, गोडतेल, ओवा, माणसांची जुलाबाची गोळी. गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात ओतलेलं फुफ्फुसात जातं. आणि आतड्यात विष असताना गोळीने आतडं थांबवलं तर ते विष आतच कोंडतं. आमच्या गोठ्याचा क्रम म्हणून असा: आधी थर्मामीटर, मग फोन, बाटली सगळ्यात शेवटी.

मेडिकलमध्ये मिळतो तो माणसांचा डिजिटल थर्मामीटर चालतो. शेळ्यांसाठी वेगळा ठेवा. त्याच्या मागच्या टोकाला दोरा आणि दोऱ्याला कपड्यांचा चिमटा बांधा. चिमटा पाठीमागच्या केसांना लावला की करडाने झटका दिला तरी थर्मामीटर लेंड्यांत हरवत नाही. पुढे व्हॅसलीन लावून दोनेक सेंटिमीटर गुदद्वारात घाला आणि किंचित तिरका धरा, म्हणजे टोक आतल्या भिंतीला टेकेल. लेंडीत रुतला तर आकडा खोटा येतो. करडाचं तापमान साधारण 101.5 ते 103.5 फॅरनहाइट असतं. उन्हात हुंदडून आलं असेल तर 104 सुद्धा दिसतं. 105 म्हणजे ताप. 100 च्या खाली म्हणजे करडू गार पडतंय, आणि गार करडाला दूध पाजायचं नाही. पोट चालत नसतं, दूध आतल्या आत नासतं.

थर्मामीटर वाजेपर्यंत बाकीचं बघून होतं. खालची पापणी ओढा. आतून गुलाबी हवी. पांढरीफटक असेल, पावसाळ्याचे दिवस असतील आणि जबड्याखाली पाणी उतरलं असेल, तर बहुतेक जंतांनी रक्त पिऊन टाकलंय. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा; तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलंय. डाव्या कुशीवर टिचकी मारा, ढबढब वाजतं का ऐका. आराम करणाऱ्या करडाचे श्वास मिनिटाला 20 ते 40. तोंडात बोट घाला: आत कोमट आहे का, बोट चोखतंय का?

मग 1962 लावा. मध्य प्रदेशात पशुवैद्यकाची गाडी याच नंबरवर मागवतात. जवळच्या सरकारी डॉक्टरांचा नंबरही गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. फोनवर “बकरी का बच्चा बीमार है, जल्दी आइए” एवढ्याने काही कळत नाही. असं सांगा: “डेढ़ महीने का बच्चा है, सात किलो का. रात तक ठीक था. टेम्परेचर इतना है, पतले दस्त हैं, गर्दन पीछे खींच रहा है. कल गेहूँ खा गया था. टीका नहीं लगा.” वय, वजन, तापमान, काल काय खाल्लं, लस. या पाच गोष्टींवरून डॉक्टर गाडीत काय घ्यायचं ते ठरवतात. वजनासाठी लटकवायचा काटा आणि एक पोतं पुरतं.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, ते करडू कसं पडलंय त्यावर आहे.

नुकतं जन्मलेलं आणि गार असेल तर आपल्या हातात बरंच असतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा 10 च्या खाली जातो, आणि पहाटे व्यालेल्या शेळीचं दुसरं पिल्लू ओलंच राहून जातं. जुन्या सुती लुगड्याने खसखसून पुसा, कान आणि पायसुद्धा. खोक्यात ठेवा, दोन्ही बाजूंना कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून. उघडी गरम बाटली अंगाला लावली तर कातडी भाजते. दर अर्ध्या तासाने तापमान. 100 च्या वर चढलं आणि बोट चोखायला लागलं की चीक. किलोमागे 50 मिली एका वेळी, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला 100. चांगल्या पिल्लाला तो जन्मल्यापासून तास-दोन तासांत मिळायला हवा आणि पहिल्या दिवसात वजनाच्या निदान दहावा भाग पोटात जायला हवा. पिल्लू जन्माला येतं तेव्हा रोगाशी लढायची ताकद त्याच्या रक्तात जवळपास नसतेच, ती चिकातून येते. जास्त झालेला चीक मी आइस्क्रीमच्या छोट्या कपांत गोठवून ठेवते. सासूबाईंचा खरवसासाठी त्यावर डोळा असतो, पण त्या कपांना हात लावायची परवानगी नाही. वितळवायचा तो कोमट पाण्यात कप ठेवून; गॅसवर ठेवला की फाटतो, मग खरवसच करा. आणि ऊब देऊनही पारा चढत नसेल, तर थांबू नका, त्याला ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं आणि ते डॉक्टरच देतात.

डावी कूस फुगलेली असेल तर करडाचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील असं उभं करा आणि ती कूस हलक्या हाताने चोळा. गिळत असेल तर खाण्याचं तेल 20 मिली, सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या कडेने, थोडं थोडं. मान जमिनीला समांतर. वर करून ओतलं की ठसका लागलाच. टर्पेंटाइन नको. जीभ निळी पडू लागली तर एक मिनिटही घरी घालवू नका, पण गावातल्या जाणत्याकडून कुशीत सुई खुपसून घेऊ नका.

झटके येत असतील, मान मागे जात असेल, तर तोंडात काहीही नाही, चमचासुद्धा नाही. दोन्ही बाजूंनी भरलेली पोती लावून छातीवर बसतं करा. आडवं पडून राहिलं तर पोट फुगतं. आंत्रविषारात एवढं झाल्यावर वाचणं कठीण असतं, हे मी आधीच सांगून टाकते. पण झटके फवारणीचं औषध पोटात गेल्यानेही येतात, आणि त्यावर उतारा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या बांधावर चरून आलेलं करडू लाळ गाळत असेल, डोळ्यांतून पाणी, बाहुली बारीक, अंग थरथरतंय, तर ज्याने फवारलं त्याच्याकडून रिकामी बाटली मागून आणा आणि लेबल डॉक्टरांना वाचून दाखवा.

जुलाब तीन आठवड्यांपुढच्या करडाला, रक्ताचे धागे, कुंथणं, खाली ओली जमीन: कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, असायची शक्यता. लेंडी-संडास स्वच्छ पिशवीत घेऊन जा, तपासून औषध मिळतं. तोवर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तसाच अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट, दिवसभर. दूध पूर्ण तोडू नका. दूध आणि हे पाणी मात्र एका वेळी देऊ नका.

मेलेलं करडू कुणी नाल्यात फेकू नये. नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर ते फाशी रोगाचं लक्षण असू शकतं; शव उघडायचं नाही, हातही लावायचा नाही, डॉक्टरांनाच बोलवायचं. तसं नसेल तर शव पिशवीत, बर्फ घालून, शवविच्छेदनासाठी लगेच न्या. आमच्यासाठी महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात आहे. आंत्रविषारात शव फार लवकर सडतं, उन्हाळ्यात दुपारपर्यंत थांबलात तर हाती काही लागत नाही. कारण समजलं तर उरलेल्यांसाठी उपयोग: त्याच दिवशी सगळ्या करडांचा खुराक बंद, वाळलेला चारा पुढे, आणि डॉक्टरांना कळपाच्या लसीचं विचारायचं.

आंत्रविषाराची लस गाभण शेळीला विण्याच्या चार-सहा आठवडे आधी दिली तर चिकातून करडाला सुरुवातीचं संरक्षण मिळतं. करडाला स्वतःची तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, मग दरवर्षी पावसाळ्याआधी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस वेगळी, तीन महिन्यांपुढे. बाटली 2 ते 8 डिग्री सेल्सिअसमध्ये राहायला हवी. स्कूटरच्या डिकीत मे महिन्यात आणलेल्या लसीचा भरवसा नाही, थर्मासमध्ये बर्फ घेऊनच दुकानात जा, आणि उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवा. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून घेतली तर वाया जात नाही.