पेरणीपूर्वी शिवाराची खोली मोजा : कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी खरीप सल्ला
(कालावधी : मे अखेर ते जुलै मध्य)

सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात आणि मराठवाड्यात दुबार पेरणीची वेळ बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या पावसामधल्या उघडिपीमुळे येते. ही उघडीप किती लांबेल ते आपल्या हातात नसते. ती सोसण्याची ताकद आपल्या जमिनीत किती आहे, हे मात्र पेरणीआधी तपासता येते. ही ताकद खालचा खडक, त्यावरची माती, तीत मुरणारे पाणी, वरची हवा आणि मातीतले सजीव या सर्वांच्या मेळातून ठरते, म्हणून यांपैकी एकाकडेच पाहून घेतलेला पेरणीचा निर्णय अपुरा पडतो.

प्रथम हवेचा विचार करू. मे महिन्यात जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर विजांसह वळीव कोसळतो. हा पाऊस स्थानिक उष्णतेवर पोसलेला असल्याने एका वस्तीवर शेत तुंबते आणि शेजारच्या शिवारात थेंबही पडत नाही. मोसमी पावसाला मात्र समुद्रावरून सलग वाहणाऱ्या वाऱ्यांचे पाठबळ लागते. ते वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकतात. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तेथून सुमारे 100 किलोमीटर पूर्वेला असलेल्या माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास राहतो. कोकणात मॉन्सून पोहोचल्याच्या बातमीवर माण, आटपाडी किंवा जतच्या शेतकऱ्याने तिफण जुंपू नये, याचे कारण हेच आहे. 2025 मध्ये मॉन्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला, परंतु त्यानंतर त्याची पुढची वाटचाल बराच काळ रखडली आणि पेरणीची घाई करू नका, असे शेतकऱ्यांना सांगावे लागले. विदर्भाचा हिशेब थोडा वेगळा आहे, कारण तेथील पावसाचा मोठा भाग बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो.

आता पायाखाली पाहावे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास ओतल्या गेलेल्या लाव्हारसाच्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. हा कातळ ऊन, पाणी आणि मुळे यांच्या माऱ्याने झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. उतारावर तयार झालेली माती पाण्याबरोबर खाली वाहते, म्हणून एकाच शिवारात माथ्यावर बरड (उथळ, हलकी), मधल्या उतारावर मध्यम आणि ओढ्याकाठी भारी काळी जमीन सापडते. सातबाऱ्यावर एकच गट असला तरी शेतीच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या जमिनी आहेत, आणि त्यांची एकाच दिवशी एकाच पिकाने पेरणी करणे ही कोरडवाहू शेतीतील सर्वांत महागडी सवय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या जमिनीची खोली अंदाजाने सांगू नये, मोजावी. माथा, मध्य आणि पायथा अशा तीन ठिकाणी पहारीने मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा आणि मातीचा थर टेपने मोजावा. ढोबळ मानाने 20 सेंटिमीटर खोलीची जमीन पिकाला उपयोगी पडेल असे 30 ते 35 मिलिमीटर पाणी धरते, 45 सेंटिमीटरची 60 ते 65 मिलिमीटर आणि 90 सेंटिमीटरची 140 ते 150 मिलिमीटर. पावसाच्या उघडिपीत जमीन आणि पीक मिळून दिवसाला 4 ते 5 मिलिमीटर पाणी हवेत जाते असे धरले, तर पूर्ण भिजलेली बरड जमीन आठवडाभरात रिकामी होते, मध्यम जमीन दोन आठवडे तग धरते आणि भारी जमीन महिनाभर. पेरणी केव्हा करावी आणि काय पेरावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या हिशेबात आहेत.

बरड जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा यांसारखी काटक पिके घ्यावीत. मध्यम जमिनीत बाजरी व तूर किंवा सोयाबीन व तूर असे आंतरपीक ठेवावे, म्हणजे लवकर येणारे पीक हुकले तरी तुरीची खोल मुळे परतीच्या पावसाचा लाभ घेतात. निश्चित पावसाच्या भागात भारी जमिनीत सोयाबीन किंवा कापूस घेता येतो; सोलापूरकडील कमी पावसाच्या पट्ट्यात मात्र अशी जमीन खरिपात मोकळी ठेवून, तिच्यात ओल साठवून रब्बी ज्वारी घेण्याची जुनी रीत आजही शहाणपणाची आहे.

भारी काळ्या जमिनीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. तिच्यातील चिकणमाती भिजल्यावर फुगते आणि सुकल्यावर आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले पाणी या भेगांतून थेट खाली जाते आणि वरची ढेकळे आतून कोरडीच राहतात. वरून चिखल दिसत असला तरी बियाण्याच्या थरात सलग ओल नसते. पुढे भेगा मिटल्या की हीच जमीन पाणी सावकाश पिते आणि जोराचा पाऊस वाहून जातो. एका एकरावर पडलेला 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 1 लाख लिटर पाणी होय, आणि ते वाहताना वरचा सुपीक थरही सोबत नेते. त्यामुळे मशागत आणि पेरणी उताराला आडवी करावी, शक्य तेथे रुंद वरंबा सरी पद्धत (रुंद वाफ्यावर पेरणी आणि दोन वाफ्यांमध्ये पाण्यासाठी सरी) वापरावी आणि बांध फुटले असल्यास पहिल्या मोठ्या पावसाआधी दुरुस्त करून घ्यावेत. सरीत थांबलेले पाणी मुरमातून आणि कातळाच्या सांध्यांतून झिरपत खालच्या विहिरीपर्यंत पोहोचते. कातळ स्वतः फारसे पाणी धरत नाही, त्यामुळे विहिरीचा भरवसा वरच्या शेतातील मुरवणुकीवरच असतो.

एकूण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वापसा (पेरणीयोग्य ओल, ना चिखल ना कोरडे) आल्यावरच पेरणी करावी. त्यासाठी शेतात चार-पाच ठिकाणी खुरप्याने वीतभर खोल माती उकरावी आणि खालची माती मुठीत दाबावी. गोळा होत नसेल तर ओल अपुरी आहे. गोळा होऊन बोटांना चिकटत असेल तर आणखी थांबावे. गोळा होऊन अंगठ्याच्या दाबाने मोकळा सुटत असेल तर वापसा आहे. घरचे सोयाबीन वापरणाऱ्यांनी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. 70 पेक्षा कमी दाणे उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे किंवा बियाणे बदलावे. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी आणि रायझोबियम (मुळांवरील गाठींत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू) शेवटी लावावे. सोयाबीनचे बी 3 ते 5 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

मातीतील सजीवांचा वाटा डोळ्यांना दिसत नसला तरी तो मोठा आहे. गांडुळांची बिळे पाण्याला वाट देतात आणि कुजलेला पालापाचोळा हलक्या जमिनीची ओल धरण्याची क्षमता वाढवतो. म्हणून धसकटे व काडीकचरा पेटवून रान साफ करण्याऐवजी ते बरड भागात पसरून कुजू द्यावे.

पाऊस लांबलाच, तर मूग आणि उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरू नयेत आणि सोयाबीन 15 जुलैनंतर टाळावे. त्यापुढे बाजरी, तूर, सूर्यफूल व हुलगा यांचाच विचार करावा. पेरणी झाल्यावर उघडीप पडल्यास हलकी कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवावी, म्हणजे भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जाण्याचे प्रमाण कमी होते.