टर्मिनलमधून एडिटर उघडताना मी गमावलेले तीन दिवस

पुण्यात नुकतेच आला असाल, कॉट बेसिसवर जागा घेतली असेल, सेकंडहँड लॅपटॉपवर उबुंटू टाकलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. सीडी, एलएस, सीएचमॉड येतं असं धरूनच लिहितेय.

मी लातूरची. कर्वेनगरला पाच जणींत राहायचे, हिंजवडीत ट्रेनी होते. टर्मिनलवरून जीएडिट या एडिटरमध्ये फाइल उघडली की खाली जीटीके-वॉर्निंगच्या (खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीच्या इशाऱ्यांच्या) ओळी धडाधड पडायच्या. कधी थीमबद्दल, कधी ॲक्सेसिबिलिटी बसशी जोडता आलं नाही म्हणून. फाइल नीट उघडायची, तरी पोटात गोळा यायचा: आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. घाबरू नका, बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. प्रत्येक प्रोग्रॅमला तीन वाटा असतात: ० आत येणाऱ्या माहितीची, १ उत्तराची, २ तक्रारींची. एडिटर टर्मिनलमधून सुरू केला की २ नंबरची वाट त्याच टर्मिनलवर येऊन पडते. आयकॉनवर क्लिक करून उघडलात तरी त्या तक्रारी होतातच, फक्त डोळ्यांसमोर येत नाहीत.

दुसरा त्रास प्रॉम्प्टचा, म्हणजे जिथे पुढची कमांड टाइप करतो त्या जागेचा. एडिटर बंद करेपर्यंत तो परत येत नाही. त्यासाठी कमांडच्या शेवटी & लावतात, की एडिटर मागे चालू राहतो आणि टर्मिनल मोकळं होतं.

टीममधल्या एका सीनियर दादाने व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली. 'ई' नावाचा एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव; त्यात जीएडिट, पुढे २ हा आकडा, एक बाण आणि डेव्ह-नल (२ नंबरच्या वाटेवरच्या तक्रारी गिळून टाकणारी जागा), आणि शेवटी &. "बॅशआरसीत टाक, काम झालं." बॅशआरसी म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल. मी टाकली. ती ओळ नेमकी काय करते हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता इथे नीट थांबा. एलियस म्हणजे फक्त मजकुराची अदलाबदल. 'ई' लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) 'ई'च्या जागी ती अख्खी ओळ ठेवतो आणि फाइलचं नाव तिच्या मागे चिकटवतो. म्हणजे & च्या नंतर. आणि & तर कमांड तिथेच संपवतो! त्यामुळे एका ओळीच्या दोन कमांड होतात: पहिली रिकामा जीएडिट उघडते, दुसरी तुमची फाइलच कमांड समजून चालवायला जाते. फाइल एडिटरला मिळतच नाही.

मला याची खूण दोन आठवडे दिसत होती. रिकामा एडिटर यायचा आणि टर्मिनलमध्ये 'कमांड नॉट फाउंड', नाहीतर डॉट-स्लॅश (म्हणजे 'याच फोल्डरमधली') लावून नाव दिलं असेल तर 'परमिशन डिनाइड'. मी मेनूतून फाइल उघडून पुढे जायचे. मग एका संध्याकाळी जुने रिझल्ट पुसणारी स्क्रिप्ट बदलायला घेतली. डॉट-स्लॅश लावून नाव दिलं. त्या फाइलला चालवायची परवानगी होती. एडिटर रिकामा उघडला आणि टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट धावली. तीन दिवसांचे टेस्ट रिझल्ट गेले. बॅकअप नव्हता. वाकडपर्यंतच्या बसमध्ये मी रडत होते, ते अजून आठवतं.

उपाय साधा आहे: एलियस नको, 'ई' नावाचं फंक्शन (नाव दिलेली छोटी स्क्रिप्टच) लिहा. महिरपी कंसात जीएडिट, मग दुहेरी अवतरणात डॉलर-ॲट, मग २ नंबरची वाट वळवा, आणि & सगळ्यात शेवटी. डॉलर-ॲटच्या जागी तुम्ही दिलेली फाइलची नावं येतात, म्हणजे & च्या आधी. अवतरण गाळू नका, नाहीतर नावात स्पेस असलेल्या एका फाइलच्या दोन होतील. फंक्शनला जीएडिट हेच नाव देऊ नका, ते स्वतःलाच हाका मारत बसेल.

डेव्ह-नलबद्दल माझं ठाम मत: पहिले सहा महिने वापरू नका. तक्रारी होम फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत वळवा. एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून शिरायची सोय) सर्व्हरवर गेलात आणि एडिटर उघडलाच नाही, तर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' ही एकच ओळ कारण सांगते. डेव्ह-नल तीही गिळतो आणि तुम्ही तासभर अंधारात चाचपडता. 'विम' या एडिटरला यातलं काहीच लावू नका, तो टर्मिनलच्या आतच राहतो; & लावलात तर नुसता थांबून बसेल. व्हीएस कोड या एडिटरची कमांड प्रॉम्प्ट आपणहून परत देते.

शॉर्टकट देणारे दादा-ताई मनाने चांगलेच असतात. पण ओळ समजावून सांगायला पाच मिनिटं देणारा माणूस शोधा. पुण्यात तो मिळतो. मला अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर मिळाला. त्यानेच ही परीक्षा शिकवली: 'मी धावले' एवढंच छापणारी छोटी स्क्रिप्ट बनवा, तिला चालवायची परवानगी द्या आणि आपल्या शॉर्टकटने डॉट-स्लॅश लावून उघडा. टर्मिनलमध्ये 'मी धावले' दिसलं तर शॉर्टकट आजच काढा.

काढताना बॅशआरसीतली ओळ पुसून भागत नाही, चालू टर्मिनलमध्ये एलियस जिवंत असतो. आधी 'अनएलियस' कमांडने तो काढा, मगच फंक्शन लोड करा, नाहीतर सिंटॅक्स एरर येईल. मग 'टाइप' या कमांडला 'ई' काय आहे ते विचारा. उत्तरात 'फंक्शन' आलं की खऱ्या फाइलीला हात लावा.