जगप्रदक्षिणेच्या क्रूझचं तिकीट काढण्याआधी

माहितीपत्रकावर ‘१२० दिवस, ४५ बंदरं’ असं ठळक छापलेलं असतं आणि बहुतेक जण त्यावरच भाळतात. या सफरीतला सगळ्यात फसवा आकडा तोच. १९२२च्या नोव्हेंबरात क्यूनार्ड कंपनीची ‘लॅकोनिया’ न्यूयॉर्कहून सुटली आणि १३० दिवसांत पृथ्वीला फेरी घालून परतली. एकाच जहाजाने सलग केलेली पहिली प्रवासी जगसफर म्हणून तिचं नाव घेतात. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडेपर्यंत असल्या सफरीत अमेरिका रेल्वेनेच ओलांडावी लागे. लॅकोनियाने बंदरं घेतली ती जेमतेम २२. त्या काळच्या जगसफरींतले प्रवासी मुंबईला उतरून रेल्वेने आग्रा-दिल्ली बघत आणि पुढे कोलंबोला जहाज गाठत. तेवढ्याच दिवसांत आज दुप्पट बंदरं कोंबली, तर एकेकाच्या वाट्याला काय येतं ते पैसे भरण्याआधी कागदावर मांडायला हवं.

तासांचा हिशेब

कंपनीच्या संकेतस्थळावरून प्रत्येक बंदराची पोहोचण्याची आणि सुटण्याची वेळ उतरवून घ्या. मग वजाबाकी करा. धक्क्याला लागल्यापासून स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत एक तास जातो. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी परतायचं असतं, तोही काढा. वेळापत्रकात नांगराची खूण असेल तर जहाज धक्क्याला लागणारच नाही; बाहेर समुद्रात उभं राहील आणि प्रवाशांची ने-आण छोट्या बोटींतून होईल. पूर्वी कोकण बोटीतून पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायचे, तोच प्रकार. रांग आणि फेऱ्या धरून इथे आणखी दीड-दोन तास कापा. लाटा मोठ्या असल्या तर कप्तान उतरणंच रद्द करतो. ईस्टर बेटाच्या बाबतीत हे वारंवार होतं, आणि करारातल्या कलमांमुळे तुम्हाला बंदराचा कर आणि कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे यापलीकडे सहसा काही परत मिळत नाही.

त्यानंतर रस्ता. पत्रकात ‘बँकॉक’ लिहिलेलं असतं, पण मोठं जहाज लागतं लॅम चबांगला, शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, दोनशे किलोमीटर. ‘लक्सर’ म्हणजे तांबड्या समुद्रावरचं सफागा. बँकॉकचा हिशेब बघा: सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असे दहा तास, त्यातून परवानगीचा एक, परतीचा एक आणि जाता-येता रस्त्याचे किमान चार. उरले चार, त्यात जेवण आणि एखादं देऊळ. ज्या बंदरात चार तासांपेक्षा कमी उरतात ते यादीतून खोडा, मग दोन कंपन्यांची तुलना करा. ४५ बंदरांची यादी तिशीच्या आत येते तेव्हा भाव नीट कळतो. आमचं मत विचाराल तर तीस बंदरं आणि त्यात आठ-दहा ठिकाणी रात्रीचा मुक्काम, हीच सफर चांगली.

समुद्रावरचे दिवस मात्र टळत नाहीत. १७ नॉटने चालणारं जहाज दिवसाला साधारण ४०० सागरी मैल कापतं. लॉस एंजेलिस ते होनोलुलू अंतर २,२०० सागरी मैलांच्या घरात, म्हणजे पाच-साडेपाच दिवस नुसतं पाणी. इंधन वाचवायला आजची जहाजं मुद्दाम सावकाश जातात, आणि यात नवल काही नाही. कॅनेडियन पॅसिफिकची १९३१ सालची ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडायची. हिवाळ्यात कॅनडातली सेंट लॉरेन्स नदी गोठली की जगसफरीला निघायची, तेव्हा तिला ढकलणाऱ्या पाण्यातल्या चार पंख्यांपैकी (प्रोपेलर) बाहेरचे दोन काढून ठेवत. तेवढा वेग लागतच नसे.

जहाज आणि केबिन

एम्प्रेसची एरवीची क्षमता हजाराच्या वर होती, पण जगसफरीत जास्तीत जास्त ७०० प्रवासी घेत आणि सगळे एकाच वर्गात. आज ‘वर्ग नाहीत’ असं सांगतात खरं, पण क्यूनार्डच्या जहाजांवर अजूनही क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल आणि ब्रिटानिया अशा जेवणाच्या खोल्या तुमच्या केबिनच्या दरावर ठरतात. इतर काही कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर तर महागड्या स्वीटवाल्यांना वेगळा डेक आणि वेगळा तलाव असतो. तेव्हा स्वस्त केबिन घेताना कुठले दरवाजे आपल्यासाठी बंद राहतील ते आधी विचारा.

बोट लागत असेल तर केबिन जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर घ्या. पाण्याखाली पसरणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, १९५०च्या सुमारास प्रवासी जहाजांवर रुळले. पी अँड ओची ‘चुसान’ त्यांतली पहिली मोठी. पण हे पंख डाव्या-उजव्या हेलकाव्यावर चालतात. पुढून लाट आली की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर-खाली होते, तिथे त्यांचा उपयोग नाही. म्हणून सगळ्यात महागडा वरचा, पुढचा स्वीट खराब हवेत सगळ्यात त्रासदायक ठरतो.

डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या केबिनच्या बरोबर वर काय आहे, खाली काय आहे ते पाहा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल ऐकावा लागतो. अगदी पुढच्या खालच्या केबिनांत प्रत्येक बंदरात नांगराच्या साखळीने आणि धक्क्याला लावणाऱ्या थ्रस्टरने झोपमोड होते. ‘अडलेलं दृश्य’ म्हणजे खिडकीसमोर जीवरक्षक बोट. पडदा लावून झोपणाऱ्याला ही स्वस्त केबिन फायद्याची.

दिशा हाही विषय आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्या सफरीत घड्याळ अधूनमधून एक तास मागे सरकतं आणि २५ तासांचा दिवस मिळतो. तारीखरेषेवर एक तारीख गळते. पूर्वेकडे जाताना २३ तासांचे दिवस येतात आणि एक तारीख दोनदा येते. साठीपुढच्या माणसाला पश्चिमेची दिशा सोसते. गोळी दिवसातून एकच असेल तर रोजच्या जेवणाशी जोडा. ठरावीक अंतराने घ्यायची औषधं, विशेषतः इन्सुलिन, डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.

मार्गावर दोन प्रश्न विचारा. जहाज पनामातून जाणार का? कालव्यात जहाज वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांना लॉक म्हणतात; जुन्या लॉकमध्ये ३२ मीटरच्या वर रुंद जहाज मावत नाही आणि क्वीन मेरी २ तर ४१ मीटरची. २०१६ मध्ये मोठे लॉक उघडले, तरी सगळीच मोठी जहाजं तिकडून जात नाहीत. आणि सुएझ पक्कं आहे का? २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जगसफरी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, आणि असं झालं की आखाती बंदरं, कधी मुंबई-मुरगावसुद्धा यादीतून उडतात.

व्हिसा: भारतीय पासपोर्टची खरी परीक्षा

इंग्रज किंवा अमेरिकन प्रवाशासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत हा भाग दोन ओळींत संपतो. तुमची अर्धी तयारी इथेच जाणार. शेवटच्या बंदराचा व्हिसा नसला तरी पहिल्याच बंदरात जहाजावर चढू देत नाहीत आणि परतावाही मिळत नाही.

पासपोर्ट ६० पानांचा घ्या. सफर संपल्यानंतर किमान सहा महिने वैध हवा. मग मागून पुढे असा क्रम लावा. अमेरिकेच्या बी१/बी२ या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून तो अर्ज वर्ष-दीड वर्ष आधी. त्यानंतर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे लांब मुदतीचे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच करता येतो. आणि नेमका घोटाळा होतो तो कमी मुदतीच्या व्हिसांत. जपानचा एकेरी व्हिसा काढल्यापासून तीन महिनेच चालतो; नोव्हेंबरात काढला आणि जहाज मार्चमध्ये योकोहामाला लागलं, तर तो कागद बाद. अशा देशांसाठी शेवटच्या टप्प्यात अर्ज करा किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. जहाज एकाच देशात दोनदा शिरतं का तेही तपासा: फ्लोरिडाहून निघून मेक्सिकोनंतर हवाई, म्हणजे अमेरिकेत दोन प्रवेश. ताहिती फ्रेंच असली तरी शेंगेनमध्ये मोडत नाही, तिची चौकशी वेगळी करावी लागते.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. ब्राझील, केनिया यांसारख्या देशांना जहाज लागत असेल तर प्रमाणपत्राशिवाय भारतात परतताना विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथली वेळ आधी घ्या.

पैसे, विमा, ओटीपी

वर्षभराच्या ‘मल्टी-ट्रिप’ विम्यात एका प्रवासाची मर्यादा ३०, ४५ किंवा ६० दिवस असते, त्यामुळे तो इथे कुचकामी. संपूर्ण सफरीचा एकच विमा घ्या, त्यात क्रूझचा स्पष्ट उल्लेख आणि समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च हवा. जहाजावरचा डॉक्टर तिकिटात येत नाही. साध्या सलाईनचंही बिल डॉलरमध्ये लागतं. भाड्यावर रोजचा सेवाशुल्क माणशी १५ ते २० डॉलर धरा, एकट्याने केबिन घेतली तर भाडं दीडपट ते दुप्पट. इथून तिकीट घेताना कापला जाणारा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला कर, प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करता येतो. दर मात्र अर्थसंकल्पागणिक बदलतो.

जहाजाचं नाव छापलेलं आहे आणि ते आज खरोखर कुठेतरी चालतंय याची खात्री करा. तीन वर्षांच्या सफरीची तिकिटं विकलेल्या एका कंपनीची सफर २०२३ मध्ये सुटण्याच्या तोंडावर रद्द झाली, कारण जहाज खरेदीच झालं नव्हतं.

पूर्वी घरची पत्रं बंदरातल्या एजंटाकडे वाट बघत पडलेली असत. आज उपग्रहावरचं इंटरनेट बरं चालतं, पण बँकेचा ओटीपी सिमवर येतो आणि समुद्रात सिमला रेंज नसते. जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क दिसलं तर त्यावर जाऊ नका, बिलाने डोळे पांढरे होतील; फोन विमान मोडवर ठेवा. निघण्याआधी ओटीपी ईमेलवर मागवण्याची सोय करा, वेगवेगळ्या बँकांची दोन फॉरेक्स कार्डं घ्या. सफर जानेवारी ते मे असते, तेव्हा ३१ मार्चची कामं डिसेंबरातच उरका.

सामान आणि खाणं

जुन्या सफरीत ट्रंकांवर ‘प्रवासात हवी’ आणि ‘प्रवासात नको’ अशी लेबलं असत. नको ती तळघरात जाई. आज तळघर नाही, सगळं पलंगाखाली. दहा दिवसांचे कपडे पुरतात, अनेक जहाजांवर स्वतः धुण्याची यंत्रं असतात. समुद्रदिवशी दुपारी तिथे रांग लागते, पहाटे जा. समारंभाच्या रात्री बंदगळा किंवा पैठणी बिनदिक्कत चालते. इस्त्री, किटली, छोटा कुकर मात्र आगीच्या भीतीने जप्त होतात.

शाकाहारी किंवा जैन जेवणाची मागणी तीन महिने आधी लेखी कळवा आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला भेटा. गोव्याची, कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात आणि केबिनसेवेत आहेत; ओळख निघाली तर वरण-भात मिळायला वेळ लागत नाही. घरचे लाडू-लोणचं केबिनमध्ये खा, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला धक्क्यावर उतरताना पिशवीत एक फळसुद्धा नको. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या खाद्यपदार्थाला जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. दुबईला जाताना गोड्या मसाल्यात खसखस आहे का ते बघा. तिथे तिच्यावर बंदी आहे.