बुद्धांच्या उपमा वाचताना या चुका टाळा

बुद्धांनी दिलेल्या उपमा अडीच हजार वर्षांनंतरही पहिल्या वाचनातच कळतात, आणि घोळ नेमका तिथे होतो. वीणा, बाण, तराफा, पाण्याचं भांडं, सगळं ओळखीचं. त्यामुळे वाचणारा अर्थ लावून मोकळा होतो. ती उपमा कुणाला आणि कोणत्या अडचणीत सांगितली होती, हे बघायचं राहून जातं. पाली सुत्तांमधल्या, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांमधल्या, कितीतरी उपमा एका ठरावीक माणसाला, त्याच्या त्या वेळच्या अडचणीवर सांगितलेल्या आहेत. माणूस आणि अडचण गाळली की उरलेली ओळ कुणालाही, कशालाही चिकटवता येते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारांतून होणारं ग्रंथवाचन असो, शिबिराहून परतलेल्यांच्या गप्पा असोत की मोबाईलवरचे सकाळचे सुविचार, याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

वीणेच्या तारेचा अर्थ ‘बेताने घ्या’ असा लावणे

मध्यम मार्ग समजावताना ही उपमा सर्रास दिली जाते: तार फार ताणू नका, फार सैल सोडू नका. ऐकणारा त्यातून सोयीचं तेवढं घेतो. ध्यानाची रोजची बैठक चुकली, मध्यम मार्ग. पंचशीलातलं एखादं शील जरा बाजूला ठेवलं, मध्यम मार्ग.

आता ही उपमा ऐकणारा कोण होता ते बघा. सोण कोळिविस हा चंपा नगरीतल्या श्रेष्ठीचा मुलगा, अतिशय लाडाकोडात वाढलेला. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करून करून त्याचे तळवे फुटले, चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढं करूनही चित्त मोकळं होईना. तेव्हा त्याच्या मनात आलं की घरी धनदौलत आहे, परत जावं, उपभोग घ्यावा आणि दानपुण्य करावं. बुद्ध त्याच्याकडे आले आणि त्यांनी आधी त्याच्या जुन्या आयुष्यातलीच गोष्ट काढली: तू घरी असताना वीणा चांगली वाजवायचास ना? तारा फार ताणलेल्या असल्या की ती वाजवण्याजोगी असायची का? फार सैल असल्या की? सोण प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग बुद्धांनी सांगितलं की अतिप्रयत्नाने चित्त अस्वस्थ होतं आणि ढिलाईने आळसावतं, म्हणून प्रयत्नाचा सम राख.

म्हणजे हा उपदेश रक्तबंबाळ पायांच्या माणसाला आहे. शिवाय तार एकदा लावून भागत नाही, हे वीणा वाजवणाऱ्या सोणला वेगळं सांगावं लागलं नसेल. हवा बदलली की ती उतरते, वाजवता वाजवता उतरते, पुन्हा कान देऊन लावावी लागते. कालचा सम आज चालेलच असं नाही. ज्याने महिनाभर आसनच मांडलेलं नाही, त्याच्या तारेला आधी ताण हवा. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, या प्रसंगाचा पुढचा भागही आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बुद्धांनी सोणला एकतळी पादत्राण वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, संघाला परवानगी असेल तर मीही वापरीन. तेव्हा ती सगळ्या भिक्खूंना मिळाली. मनाचा तोल शिकवताना फुटलेल्या तळव्यांचीही सोय बघितली गेली.

दुसरा बाण दुसऱ्याला ऐकवणे

संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहातल्या सल्ल सुत्तातली ही उपमा. धम्म न ऐकलेल्या माणसाला दुखतं तेव्हा तो शोक करतो, छाती बडवतो, भान हरपतो. एक बाण लागलेल्याला लगेच दुसरा लागावा तसं त्याचं होतं, एक वेदना शरीराची आणि दुसरी मनाची. शिकलेल्या श्रावकाला, म्हणजे बुद्धांच्या शिष्याला, शरीराची तेवढी होते.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे ही उपमा आजाऱ्याला, नाहीतर घरात मृत्यू झालेल्या माणसाला ऐकवणे. “वेदना शरीराला आहे, दुःख तुम्ही करून घेताय.” हे बोलणं कठोर आहे आणि बुद्धांच्या वागण्याशी जुळत नाही. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू त्यांना दिसला, तेव्हा त्यांनी सोबतच्या भिक्खूला, आनंदाला, पाणी आणायला लावलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हे वचन त्या प्रसंगातलं आहे. स्वतःची पाठ दुखायची तेव्हाही ते सरळ सांगत. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात त्यांनी प्रवचन आनंदाकडे सोपवलं आणि संघाटीची, म्हणजे वरच्या चीवराची, चौघडी अंथरून उजव्या कुशीवर आडवे झाले. पहिल्या बाणावर उपचार करायचेच असतात. दुसऱ्या बाणाची तपासणी ज्याची त्याने, स्वतःच्या मनात, तेही जरा उसंत मिळाल्यावर करायची.

दुसरी चूक म्हणजे सुत्ताचा मधला भाग गाळणे. बुद्ध पुढे म्हणतात की असा माणूस दुखण्यापासून सुटायला इंद्रियसुखाकडे वळतो, कारण दुसरी वाटच त्याला माहीत नसते. रोजच्या व्यवहारात हा भाग सगळ्यात उपयोगी पडतो. साहेब बोलला, घरी आल्यावर हात आपोआप मोबाईलकडे, फरसाणाच्या डब्याकडे किंवा बाटलीकडे जातो. रडारड दिसली नाही म्हणजे दुसरा बाण लागलाच नाही असं समजू नका. हात कुठे जातोय ते बघा.

मन लागत नाही म्हणून सगळ्यांवर एकच उपाय करणे

डोळे मिटले की विचारांचा गोंधळ होतो आणि सल्ला एकच मिळतो: श्वासावर लक्ष द्या. सल्ला चांगला आहे, पण बिघाड कोणता ते न बघता दिलेला आहे. संगारव नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना विचारलं होतं की, वर्षानुवर्षं पाठ केलेले मंत्रसुद्धा कधी कधी आठवत नाहीत, असं का? उत्तरात बुद्धांनी पाण्याची पाच भांडी सांगितली. कुठल्याच भांड्यात चेहरा नीट दिसत नाही, पण कारण दर वेळी निराळं. एकात लाख, हळद, नीळ किंवा मंजिष्ठ कालवलेली आहे, ती लालसा. दुसऱ्यातलं पाणी विस्तवावर खळखळतंय, तो द्वेष. तिसऱ्यावर शेवाळ धरलंय, ती सुस्ती. चौथ्यावर वाऱ्याने लाटा उठल्यात, ती चलबिचल आणि पश्चात्तापाची टोचणी. पाचवं गढूळ आहे आणि अंधारात ठेवलंय, ती शंका.

शेवाळ धरलेल्या मनाला आणखी शांत करायला गेलात तर झोपच लागेल. संयुत्त निकायातलं अग्गि सुत्त हेच सांगतं: विझत आलेली आग पेटवायची असेल तर तिच्यावर ओलं गवत टाकू नये. मन सुस्त असताना धम्माचा विचार, उत्साह आणि प्रीती, म्हणजे मनाचा आनंद, वाढवावी. मन उधळलेलं असताना प्रशांती, समाधी आणि उपेक्षा, म्हणजे मनाचा समतोल. स्मृती, म्हणजे सजगता, मात्र सगळीकडे उपयोगी. बैठकीत बसल्या बसल्या दोनचार क्षण फक्त एवढंच विचारा: रंग आहे, उकळी आहे, शेवाळ आहे, लाटा आहेत की गाळ? उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं.

डुलक्या येत असतील तर लाजू नका, बुद्धांचे अग्रशिष्य मोग्गल्लान यांनाही येत होत्या. मगधातल्या कल्लवाळपुत्त गावात ते बसल्या जागी पेंगत होते. त्यांना बुद्धांनी एकामागून एक उपाय दिले: ज्या विचारात झोप आली तो सोडून दे, ऐकलेल्या धम्माचं चिंतन कर, तो मोठ्याने म्हण, कान ओढ आणि अंग चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार आणि चांदण्यांकडे बघ, मनात उजेडाची जाणीव धर, चंक्रमण कर. एवढं करूनही गेली नाही तर उठायची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर झोप. झोप काढणं हाही उपायच, पण यादीत शेवटी.

हाच क्रम विचार घालवण्याच्या बाबतीत उलटा केला जातो. मज्झिम निकायातल्या 20व्या सुत्तात पाच उपाय आहेत. पहिला सुताराचा: जाड पाचर बारीक पाचरीने ठोकून काढावी तसा वाईट विचार चांगल्या विचाराने बदलावा. नंतर त्याचे तोटे बघणं, मग त्याकडे लक्ष न देणं, मग त्याचा वेग हळूहळू उतरवणं. दात आवळून मनाला मनाने दाबणं पाचवं आहे, आधीचे चारही फसल्यावरचं. नवे साधक पहिल्याच दिवशी तिथून सुरुवात करतात आणि डोकं धरून उठतात.

तराफा नदीच्या मधोमध सोडणे

“बुद्धांनीच सांगितलंय, धम्म तराफ्यासारखा आहे, धरून बसू नका.” हे बहुधा शील, बैठक किंवा अभ्यास सोडताना ऐकू येतं. उपमेतला माणूस गवत, काटक्या, फांद्या गोळा करून तराफा बांधतो आणि हातपाय मारत पलीकडे पोचतो. डोक्यावर घ्यायचा नाही तो पोचल्यावर.

ही उपमा मज्झिम निकायाच्या 22व्या सुत्तात आहे आणि त्या सुत्ताचं निमित्तच अरिट्ठ नावाचा भिक्खू. भगवंत ज्यांना अडथळे म्हणतात त्या गोष्टी उपभोगल्या तरी अडथळा होत नाही, असं तो म्हणत होता. त्याची कानउघाडणी करताना तराफ्याच्या आधी सापाची उपमा आली. साप वेटोळ्याला किंवा शेपटीला धरला तर उलटून चावतो. बेचक्याच्या काठीने दाबून मानेला धरावा लागतो. शिकवण चुकीच्या जागी धरली तर ती धरणाऱ्यालाच डसते. तराफा वाचताना साप वगळू नका, एकाच प्रवचनात ते उगाच आलेले नाहीत.

विषारी बाणाने प्रश्नांची तोंडं बंद करणे

वैद्य बाण काढायला आलाय आणि जखमी म्हणतो, आधी सांगा मारणारा कोण, क्षत्रिय की शूद्र, उंच की बुटका, बाणाचं पीस गिधाडाचं की मोराचं. ही उपमा मालुंक्यपुत्ताच्या 10 प्रश्नांबाबत होती: जग शाश्वत आहे का, अनंत आहे का, जीव आणि शरीर एकच का, मृत्यूनंतर तथागत, म्हणजे बुद्ध, असतो का. दुःख कशाने येतं आणि कसं जातं, हे विचारायला बंदी कुठेच नाही. मुलगी विहारात “हे असंच का?” म्हणाली तर तिला हा बाण दाखवणं अन्याय आहे.

रागाचा निखारा बुद्धांच्या तोंडी घालणे

“राग धरणं म्हणजे दुसऱ्यावर फेकायला जळता निखारा हातात घेणं – बुद्ध.” याच्या जवळचं वाक्य विशुद्धिमग्गात आहे, आणि तो ग्रंथ 5व्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिला. विचार उत्तम आहे, तो बुद्धघोषांच्या नावावर पुढे पाठवा. बुद्धांचीच उपमा हवी असेल तर शिव्या देत आलेल्या भारद्वाज ब्राह्मणाची आहे. पाहुण्यांनी वाढलेलं घेतलं नाही तर ते कुणाचं, असं बुद्धांनी त्याला विचारलं. घरी ठेवल्यासारखं ते यजमानाचंच राहतं. मात्र हे टोमणा म्हणून वापरू नका. त्या सुत्ताच्या शेवटी शिव्या देणारा भारद्वाज संघात आला आहे.

रोज प्रगती मोजणे

सुताराच्या वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटतात. आज किती झिजला, काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र कळतं. आस्रव, म्हणजे मनातले खोल विकार, असेच झिजतात, असं बुद्ध म्हणतात. म्हणून बैठकीचे सलग दिवस दाखवणारा मोबाईलवरचा आकडा बघून खूश किंवा निराश होऊ नका. फक्त त्याच सुत्तात आधी कोंबडी येते, अंड्यांवर न बसता पिल्लं बाहेर यावीत म्हणणारी. तेव्हा वाकसाचा आधार घेण्याआधी आज बसलात का, तेवढं बघून घ्या.