ट्रान्सप्लांटनंतर अंगावर फोड आला तर काय करायचं

ज्यांच्या घरी किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं माणूस आहे त्यांना क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा तोंडपाठ असतो, पण अंगावरच्या कातडीकडे कोणी बघत नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड या गोळ्या नवा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबतात, आणि मग कांजिण्यांचा व्हायरस जो वर्षानुवर्षं नसांमध्ये पडून असतो तो नागीण होऊन वर येतो.

आधी एकाच बाजूला आग होते, ठणका लागतो, मग तिथेच पाण्याचे फोड येतात. आपल्या इंदूरला लगेच कोणीतरी म्हणणार मकडी फिरली (म्हणजे अंगावरून कोळी गेला), गेरू लावा, झाडून आणा. प्लीज यात दिवस घालवू नका! फोड आल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, म्हणून त्याच दिवशी ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांना फोन करा, रविवार असला तरी. मेडिकलवरून असायक्लोविर, म्हणजे नागिणीचं औषध, स्वतः आणू नका, कारण डोस किडनी किती काम करते त्यावर ठरतो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील, अंगभर पसरले असतील, ताप असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा. फोड झाकून ठेवा, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून लांब राहा. आणि भीतीपोटी रोजच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, अवयवच जाऊ शकतो.

चामखीळ ही दुसरी गोष्ट, या लोकांना ती ढिगाने येते आणि हटता हटत नाही. चुना लावणं, केस बांधणं, ब्लेडने कापणं नको. दाढीचं ब्लेड आणि टॉवेल वेगळा ठेवा. एखादी भराभर वाढली, रक्त आलं, कडक झाली तर स्किनवाल्यांना दाखवा, कारण ट्रान्सप्लांटनंतर त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि उन्हाने आणखीनच. मे महिन्यात इंदूरच्या राजवाड्याच्या बाजारात दुपारी खरेदी नको, फुल बाह्या, टोपी, SPF 30 च्या वरचं सनस्क्रीन रोज लावा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, मात्र गच्चीवरूनच बघा, मला तरी गर्दी आणि रंग दोन्ही नकोच वाटतात.

गुळवेलीचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. नागिणीची जिवंत व्हायरस नसलेली लस आता भारतात मिळते, दोन डोस असतात, शक्यतो ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या. जिवंत व्हायरसची लस ट्रान्सप्लांटनंतर साधारणपणे देत नाहीत.

फोड दिसला की रोज मोबाईलवर फोटो काढा, तारखेसकट, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी फाइलमध्ये ठेवा, नवीन डॉक्टर कुठलंही औषध लिहायला लागले की आधी तीच पुढे करा.