आजन्म जीपीएस पट्टा आणि अमेरिकेची राज्यघटना : मूट कोर्टात या चुका टाळा

मूट कोर्टाची, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या नकली खटल्यांच्या स्पर्धेची, मेमोरियल्स (लेखी युक्तिवाद) तपासताना ‘ग्रेडी विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना’ दिसलं की मी आधी लाल पेन शोधते. पहिल्याच परिच्छेदात हमखास असतं : ‘लैंगिक गुन्हेगारांना जीपीएस लावणं सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं.’ कुठे ठरवलं? ३० मार्च २०१५ च्या त्या छोट्याशा निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलंय, की माणसाच्या अंगावर त्याच्या संमतीशिवाय माग काढणारं यंत्र चढवणं ही चौथ्या घटनादुरुस्तीखाली (ती अवाजवी सरकारी झडतीला मनाई करते) ‘झडती’ आहे. ती वाजवी आहे का, हे बघायला प्रकरण परत खाली पाठवलं. खरी लढाई तिथून सुरू होते.

त्याहून महागात पडणारी चूक ‘दिवाणी’ या शब्दाची. ‘ही शिक्षा नाही, दिवाणी उपाय आहे’ हा राज्याचा ठरलेला बचाव. मुलं तो सरसकट मान्य करतात, नाहीतर सरसकट उडवून लावतात. चौथ्या दुरुस्तीपुढे हा शिक्का कामाचा नाही. सरकारी झडती दिवाणी असली तरी झडतीच. पण मागच्या गुन्ह्याला नवी शिक्षा नको, या मुद्द्यावर सगळा खेळ त्या शिक्क्याचाच. २००३ मध्ये ‘स्मिथ विरुद्ध डो’त अलास्काचा लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीचा कायदा त्यावरच तरला. २०१४ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र नंतर आलेला जीपीएस कायदा जुन्या गुन्ह्याला लावणं म्हणजे शिक्षाच, असं ठरवलं. दोन मुद्दे, दोन स्वतंत्र मथळे. एकात दुसरा कालवू नका.

‘खासगीपणाचा भंग होतो’ असं मोघम लिहून थांबू नका. पट्टा दाखवा! घोट्याला बांधलेलं ते यंत्र चार्ज करायला माणसाने रोज दोनेक तास भिंतीतल्या प्लगजवळ वायरीने अडकून बसायचं, तेही मरेपर्यंत. आणि राज्याला विचारा, याने गुन्हे थांबतात याचा पुरावा काय? ग्रेडी प्रकरण परत आल्यावर राज्याने त्यावर काहीच पुरावा दिला नव्हता, आणि २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयात राज्य तिथेच अडकलं.

तोही निकाल ताणू नका. तो केवळ पुन्हा गुन्हा केला म्हणून आपोआप आजन्म पट्टा लागलेल्या आणि आता प्रोबेशन किंवा पॅरोलवर नसलेल्यांपुरता. त्याच वर्षी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पूर्ण भोगलेल्यांवरचा आजन्म पट्टा रद्द केला. विस्कॉन्सिनचा कायदा मात्र २०१६ मध्ये फेडरल अपील कोर्टात टिकला होता, आणि २०२१ मध्ये खुद्द नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयानेच गंभीर गुन्ह्यांच्या वर्गासाठी पट्टा मान्य केला. हे प्रतिकूल निकाल लपवलेत तर समोरची टीम काढणारच.

शेवटचं, खास आपल्याकडचं. भारताच्या सुप्रीम कोर्टातल्या न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाचा ८ जुलै २०२४ चा ‘फ्रँक व्हायटस’ निकाल मुलं उत्साहाने चिकटवतात. गुगल मॅप्सचा पिन (आपण कुठे आहोत ते दाखवणारी खूण) तपास अधिकाऱ्याला देण्याची अट तिथे रद्द झाली, पण ती जामिनावरच्या आरोपीची होती. दोषी ठरलेल्याला तो थेट लागू होत नाही. तुलनेसाठी तळटीपेत चालेल.