तळ्यावर सल्ला देताना या चुका टाळा

शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ वाढवणाऱ्या शेतकऱ्याकडे मत्स्यशास्त्रज्ञ बहुधा सकाळी अकराच्या सुमारास पोहोचतो, पाण्यातील विद्राव्य ऑक्सिजन मोजतो, लिटरला 6 ते 7 मिलिग्रॅम हा आकडा पाहून पाणी उत्तम असल्याचा निर्वाळा देतो आणि परततो. मार्गदर्शनाच्या कामात सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. दिवसा वनस्पती प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ऑक्सिजन सोडतात; रात्री मात्र तेच प्लवंग, मासे आणि तळाशी कुजणारे खाद्य मिळून तो संपवत असतात, त्यामुळे त्याची नीचांकी पातळी सूर्योदयाच्या थोडी आधी येते. पाणी गडद हिरवे असेल आणि आभाळ काही दिवस भरलेले असेल, तर दुपारी निर्धोक दिसणारे तळे पहाटे 3 मिलिग्रॅमच्याही खाली जाऊ शकते. मोजणी पहाटे आणि दुपारी अशी दोनदा व्हावी. शास्त्रज्ञाला पहाटे येणे जमत नसेल, आणि सहसा ते जमत नाहीच, तर साधा तपासणी संच शेतकऱ्याकडे ठेवून त्याचा वापर शिकवावा.

मासे मेल्याचा निरोप येताच फोनवरूनच औषध सुचवणे ही दुसरी चूक होय. मर एका रात्रीत झाली, मोठे मासे आधी गेले आणि उरलेले पहाटे पृष्ठभागावर तोंडाची उघडझाप करत होते, तर संशय ऑक्सिजनवर घ्यावा. अशा वेळी खाद्य थांबवून एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवणे किंवा ताजे पाणी सोडणे हाच उपाय असतो. मर दिवसागणिक वाढत असेल आणि अंगावर व्रण असतील, तर रोग किंवा परजीवी तपासावेत. लहानमोठे सर्व मासे एकदम मेले आणि पाण्यातले किडेही तरंगताना दिसले, तर शेजारच्या द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत फवारणी कधी झाली, हे आधी विचारावे. तपासणीसाठी कुजलेला मासा निरुपयोगी ठरतो. जिवंत पण आजारी मासा आणि वेगळ्या बाटलीत पाणी मागवावे.

पाण्यातील अमोनियाचा आकडा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे त्याचे माप) न पाहता वाचणेही घातक आहे. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर सामू 9 झाला की हा वाटा एक तृतीयांशापर्यंत जातो. अशा तळ्यात सवयीने चुना टाकण्याचा सल्ला दिला, तर सामू आणखी चढून विषाचा वाटा वाढतो.

मातीच्या तळ्यासाठी ठरवलेली खतमात्रा प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याला तशीच लागू करू नये, कारण तेथे पाण्याला मातीतून काहीच मिळत नाही. शिवाय त्या पाण्यावर पहिला हक्क पिकाचा असतो. म्हणून तळ्यात सोडायच्या बोटुकलीची (बोटाएवढ्या पिल्लांची) संख्या सांगण्यापूर्वी एप्रिल-मे महिन्यांत किती खोल पाणी उरते, हे विचारावे.

राहिला प्रश्न प्रात्यक्षिकांचा. एकाच तळ्यात नवे खाद्य वापरून वाढ चांगली झाली, एवढ्यावर शिफारस करता येत नाही. आणि तुलनेसाठी दुसरे तळे जुन्याच पद्धतीवर ठेवायला शेतकरी, रास्तपणे, तयार नसतो. त्याच तळ्यात जाळीचे हापे (पाण्यात बांधलेले पिंजऱ्यासारखे कप्पे) बांधून प्रत्येक खाद्यासाठी किमान तीन हापे राखले, तर त्याचे उत्पन्न धोक्यात न घालता बऱ्यापैकी भरवशाची तुलना होऊ शकते.